फ्लेक्सवरची मोकळी जागा

माझ्या शिकवणीच्या जाहिराती करायला मी गेवराईतल्या एका फ्लेक्सवाल्याकडे नेहमी जातो. त्याच्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. "आतलंच लई हाय," तो म्हणतो. मोठं काम निघालं की तो गिऱ्हाइकाला हळू बोलायला लावतो, मशीनवर ताण नको म्हणून.

परवा मी तिथं असताना एक पुढारी स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आले. शुभेच्छुकांचे फोटो लावता लावता कॉम्प्युटर हँग झाला.

"कार्ड टाक की बे!" साहेब ओरडले.

"कार्ड कशाला? माणसं कमी करा, साहेब."

पण ज्याला काढावं, तो उद्या विरोधकांकडे जाणार. साहेब एकेका फोटोवर बोट ठेवत होते आणि पुन्हा उचलत होते.

"सगळ्यात जड फोटो तुमचाच हाय," फ्लेक्सवाला अदबीनं म्हणाला.

साहेबांनी स्क्रीनवरचा आपला फोटो एकदा डोळे भरून पाहिला. मग म्हणाले, "मलाच काढ. मला तर समदे वळखतात."

फाइल लगेच सेव्ह झाली.

संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. मधल्या रिकाम्या जागेपुढं साहेब गळ्यात हार घालून स्टुलावर उभे होते, आणि फ्लेक्सवाला खालून डोळे बारीक करून सांगत होता, "जरा डावीकडं सरका, साहेब. शेजारच्याचं तोंड झाकतंय."