पावणेचार साखळ्या

आमच्या गल्लीतली पहिली बी.ए. मी. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. सोलापुरातल्या ज्या गल्लीत दिवस गिरणीच्या भोंग्यानं सुरू व्हायचा आणि मागांच्या खडखडाटात संपायचा, जिथं सातवी पास झालेल्याला पत्र वाचायला बोलवायचे, तिथून मी चालत कॉलेजला गेले आणि भूगोल घेऊन पास झाले. निकालादिवशी आईनं शेंगदाण्याचे लाडू वळले आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः नेऊन दिले. "पोरगी बी.ए. झाली" एवढंच म्हणायची आणि पुढच्या दाराकडे वळायची. जणू रोजचंच आहे.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते मोजणीखात्यात चेनमन होते. मोजणीदार साहेब डोक्यावर छत्री धरून वहीत आकडे लिहायचे, आणि आप्पा लोखंडी साखळी ओढत ढेकळांतनं चालायचे. आयुष्यभर हेच काम. स्वतःची सही यायची, बाकी अक्षर म्हणून काही नाही. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा रकाना होता. मी तिथं 'सरकारी नोकरी' असं लिहिलं. खोटं नव्हतं. पण खरं होतं तेही लिहिलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला भूगोलाच्या सरांनी वर्गाला एक काम दिलं. आपापल्या भागाचा मिळेल तो जुना नकाशा मिळवा, तो हातात घेऊन चाला, आणि तेव्हा काय होतं, आता काय आहे ते लिहून आणा. बऱ्याच जणांनी पुस्तकातला किल्ला आणि तलाव उतरवून काढला. मी मोजणीखात्याच्या रेकॉर्डात गेले. तिथले म्हातारे रेकॉर्डकिपर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कुणाची तू?"

मी आप्पांचं नाव सांगितलं.

"साखळीवाल्याची लेक! अगं, मग आधी नाही का सांगायचं? बस हितं. पाणी घे."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आप्पांच्या नावानं कुठंतरी खुर्ची मिळते.

आमची गल्ली वसायच्या आधी तिथं शेत होतं. त्या शेताच्या मोजणीचं कच्चं रेखाटन, त्याला टिपण म्हणतात, त्यांनी फडक्यातनं सोडून समोर ठेवलं. अक्षरं मोडी, ती त्यांनी वाचून दाखवली. हा बांध, हा हद्दीचा दगड, हा ओढा, ही मोटेची विहीर. दोन दुपारी बसून मी ते पातळ कागदावर उतरवून घेतलं.

मग मी चालायला लागले. तो कागद घेऊन मी आमचा सगळा भाग पालथा घातला. आमची मोठी गल्ली मधेच उगाच वाकते, ती का, ते मला सापडलं. जुना बांध तिथं ओढ्याला वळसा घालून गेला होता. ओढा कधीच बुजला, त्याच्यावर घरं झाली, पण वळण तसंच राहिलं. सायकलवाले रोज तिथं घंटी वाजवतात ती नसलेल्या ओढ्यासाठी, हे कळल्यावर मला रस्त्यात उभ्या उभ्या हसू आलं. लोक मला बघून दारं लावायचे. कागद घेऊन बाई आली म्हणजे कुटुंब नियोजनवालीच. एकीनं तर खिडकीतनंच सांगितलं, "आमचं झालंय ऑपरेशन, पुढं जा!"

गल्लीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक देव होता. गुडघ्याएवढा दगड. समोरच्या अक्का, तेलुगू विणकरांच्या घरातल्या, रोज त्याला पाणी घालायच्या, अमावस्येला नारळ फोडायच्या. आप्पा मात्र कधी त्याच्या पाया पडले नाहीत. "त्यो सरकारी दगड हाय," म्हणायचे. त्यावर अक्का चिडायच्या. "अयय्यो, देवाला दगड म्हणतंय हे माणूस! म्हणून यांच्या घरी पोरगीच शिकली, पोरगा नाही." टिपणात बघितलं तर हद्दीचा दगड बरोबर तिथंच होता. हे मी निबंधात लिहिलं, अक्कांना सांगितलं नाही.

मी पास झाले आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. बाहत्तरचा. वर्तमानपत्रात रोज आणेवारीच्या बातम्या, या गावाची चार आणे, त्या गावाची दोन आणे. सोळा आणे म्हणजे पुरतं पीक, असा तो हिशेब. आमच्या नळाला आधी दिवसाआड, मग चार दिवसांनी पाणी यायला लागलं. टँकर आला की गल्लीत घागरींची लढाई व्हायची. मी बी.ए. होऊन घरी बसलेली, नोकरीचे अर्ज करत. घागर घेऊन रांगेत उभी राहिले की मागून कुणीतरी म्हणायचंच, "पदवीला वेगळी रांग नाही का हो?"

एकदा असंच रांगेत विहिरीचं बोलणं निघालं. गल्लीतली म्हातारी माणसं म्हणाली, हितं एक विहीर होती. नळ आल्यावर फरशा टाकून झाकली, वर माती पडली, रस्ता झाला. पण कुठं? एक म्हणाले चक्कीसमोर. दुसरे म्हणाले, छे, पिंपळापाशी. तिसऱ्या आजीबाई तर थेट पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवायला लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे नकाशा आहे."

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. तसं बघणं मला फार आवडलं, हे कबूल करते.

महापालिकेच्या ओव्हरसियरना मी स्वतः अर्ज लिहून दिला. ते भले गृहस्थ होते, पण रस्ता खणायचा म्हणजे त्यांनाही वर उत्तर द्यावं लागणार. म्हणाले, "बाई, एक दिवस देतो. रविवार. संध्याकाळी खड्डा बुजवून रस्ता होता तसा पाहिजे. नाहीतर पुन्हा परवानगी मागायला येऊ नका."

रविवारी सकाळी गिरणीतली सुट्टीवरची माणसं पहारी आणि कुदळी घेऊन आली. टिपणात त्या हद्दीच्या दगडापासून विहिरीपर्यंतचं अंतर लिहिलेलं होतं, तेच मी माझ्या कागदावर उतरवलं होतं. तीन, टिंब, बारा. साखळी तेहतीस फुटांची, हे तर मला पाळण्यापासून पाठ. मी गुणाकार केला. एकशे तीन फूट. टेपनं मोजलं आणि खडूनं चक्कीसमोर गोल काढला. विहीर चक्कीसमोर म्हणणारे म्हातारबा लगेच मिशीवर हात फिरवायला लागले.

आप्पा लिंबाच्या सावलीत उभे होते. पुढे येऊन हळूच म्हणाले, "पोरी, हितं न्हाय वाटत. जरा म्होरं असंल. सात-आठ ढांगा."

मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आप्पा, नकाशात आकडा आहे. अंदाजाचं काम नाही हे. तुम्ही थांबा जरा."

ते थांबले. परत सावलीत जाऊन उभे राहिले. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

बारा वाजेपर्यंत माणसाएवढा खड्डा झाला. निघाला नुसता पिवळा मुरूम. फरशी नाही, दगड नाही, ओल नाही. कुदळ टेकवून एक जण म्हणाला, "ताई, कागद उलटा तर धरला नाही ना?" बायका हसल्या. अक्का कट्ट्यावरून म्हणाल्या, "बी.ए.ला पाणी लागलं का गं?" माणसं जेवायला घरी गेली. दोघं-तिघं म्हणाले, आता परत येण्यात काही अर्थ नाही, खड्डा तेवढा संध्याकाळी बुजवू.

घरात आईनं कडक भाकरी आणि चटणी पुढ्यात ठेवली. संध्याकाळी तो खड्डा बुजला की विहीरही गेली, आणि उद्यापासून त्या रांगेत मी कोण, हे मला दिसत होतं. आप्पा समोर बसले होते. भाकरी मोडत म्हणाले, "आकडा काय हुता म्हनलीस?"

"तीन पूर्णांक बारा."

"पूर्णांक म्हंजे?"

"तीन, आणि त्याच्यापुढं टिंब, मग बारा. म्हणजे तीन साखळ्या आणि एका साखळीच्या शंभर भागांतले बारा भाग."

आप्पांचा हात ताटातच थांबला. "मधी टिंब हाय का आडवी रेघ?"

मी कागद आणला. टिंबच होतं. पण ते टिंब माझं होतं. मूळ टिपणात बारीकशी आडवी रेघ होती, मला अगदी आठवली. उतरवताना मी तिचं टिंब केलं, कारण मला वाटलं, लिहिणाऱ्याच्या घाईत टिंब ओढलं गेलं असेल.

"रेघ होती," मी म्हटलं.

आणि आप्पा हसायला लागले. ठसका लागेपर्यंत. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "अगं माझे माय, ते बारा आणे हायत की! साखळीचे सोळा आणे. तीन साखळ्या बारा आणे. पावणेचार!"

मी शाळेत गेले तेव्हा नवे पैसे आले होते. शंभराच्या हिशेबातच मी वाढले. रोज सकाळी आणेवारी वाचत होते, चार आणे पीक, दोन आणे पीक, आणि साखळीलाही आणे असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. रेकॉर्डकिपरनी सांगितलं नाही, कारण साखळीवाल्याच्या लेकीला हे ठाऊक असणारच, असं त्यांनी धरलं असेल.

मी पेन्सिल काढली. पावणेचार गुणिले तेहतीस. एकशे तेवीस फूट नऊ इंच. माझ्या गोलापासून पुढं जवळजवळ एकवीस फूट.

"सात-आठ ढांगा," आप्पा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

"आप्पा, तुम्हाला कसं माहीत होतं?"

"मला म्हाईत न्हवतं. पायाला म्हाईत हुतं. ती साखळी मीच वढली न्हवं का."

मला हे ठाऊकच नव्हतं. सोळा-सतरा वर्षांचे असताना, खात्यातली त्यांची पहिलीच मोजणी ती. आमची गल्ली ज्या शेतावर उभी आहे, ते शेत माझ्या बापानं मोजलं होतं, आणि पुढं तो तिथंच येऊन राहिला होता. मी रेकॉर्डात दोन दुपारी बसले, सगळा भाग पायांनी फिरले, निबंधाला शाबासकी घेतली, पण घरात बसलेल्या माणसाला विचारलं नाही.

या वेळी टेप धरायला आप्पा आले. दगडापाशी उकिडवे बसले आणि टेपचं टोक शेंदरावर टेकवलं. अक्का धावतच आल्या. "अहो, देवाला काय करताय?"

"अक्का, ह्यो देव मी पुरलाय," आप्पा म्हणाले. "ह्या हातानं. निम्म्याहून जास्त जमिनीत हाय. तुमी नारळ फोडता ते ह्याचं डोस्कं हाय निस्तं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"बोललो की. सरकारी दगड हाय म्हणून रोज बोललो."

टेपचं टोक मग अक्कांनी स्वतःच दाबून धरलं, आप्पांना पुढं जाता यावं म्हणून. मी टेप ओढत गेले, आप्पा माझ्या बाजूनं चालत आले. एकशे तेवीस फूट नऊ इंच. आप्पांनी टाच मारून खूण केली. ती पिंपळापाशी नव्हती, चक्कीसमोर तर नव्हतीच. साध्या रस्त्याच्या मधोमध होती, जिथं रोज मुलं गोट्या खेळायची.

घरी गेलेली माणसं हाका मारून आणावी लागली. आली, पण कुरकुरत. उन्हं कलायला लागली होती. हातभर खणलं आणि पहार खण्णकन वाजली. पुन्हा मारली, पुन्हा वाजली. आत पोकळ असल्यासारखा आवाज. आप्पा ओरडले, "हळू! फरशी फुटंल, माणूस जाईल आत!" माती हातांनी बाजूला केली. शहाबादी फरशी, तिच्या शेजारी दुसरी. चौघांनी पहारी घालून एक उचलली. खालून गार, कुबट वास आला. एका पोरीनं खडा टाकला. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. डुबुक.

मग जो आरडाओरडा झाला, त्यात कोण काय बोललं हे मला आठवत नाही. चक्कीवाले म्हातारबा मात्र म्हणत होते, "मी म्हटलं नव्हतं, ह्याच बाजूला!"

पाणी हिरवं होतं. दोन दिवस उपसलं तेव्हा भांडी-धुण्याला चालेलसं झालं. प्यायला टँकरच. पण टँकरची घागर पिण्यासाठी शिल्लक राहायला लागली, आणि रांगेतल्या शिव्या कमी झाल्या. ओव्हरसियर सोमवारी आले, आत डोकावले, आणि खड्डा बुजवायचं काही बोलले नाहीत. आठवड्यानं कठडा बांधायला माणूस पाठवला. त्याच महिन्यात मी एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय: चेनमन, मोजणीखाते. मोठ्या अक्षरांत लिहिलं, रकान्याच्या बाहेर गेलं.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या संध्याकाळचं. आम्ही ओट्यावर बसलो होतो. आप्पा म्हणाले, "बगू त्यो कागद."

मी दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी मांडीवर पसरला. "आमी मोजायचो, साहेब लिवायचा, आन् वही जायची पेटीत. ह्यो पहिलाच बघतोय."

त्यांचं बोट रेघेवरून सरकायला लागलं. अक्षर येत नव्हतं, पण बोट कुठं चुकलं नाही. दगडापाशी थांबलं, ओढ्याचा वळसा घेतला, विहिरीवर आलं. मग रेघ सोडून जरा बाजूला, कोऱ्या जागेवर टेकलं.

"हितं बाभळ हुती. हितं आमी भाकरी खाल्ली. मळेवालीनं साहेबाला ताक दिलं, मला बी दिलं. हे लिवलं न्हाय कुणी."

मी पेन्सिलीनं त्या जागी एक बारीक गोल काढला आणि 'भाकरी' लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मग विहिरीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "आता ते टिंब पूस. रेघ काढ. आन् खाली नीट लिव, न्हाय तर तुजी पोरं बी चक्कीसमोरच खणत बसतील."

मी टिंब खोडलं, रेघ काढली. कागदाच्या तळाशी लिहिलं: एक साखळी म्हणजे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग खाली सही कर," आप्पा म्हणाले. मी केली, नावापुढं बी.ए. लिहिलं, आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.