परसातल्या खोलीचं गाऱ्हाणं

मी निघाले त्या संध्याकाळी खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि वर आमच्या परळच्या चाळीच्या गॅलरीत बाबा हातात नारळ धरून देवाशी बोलत होते. आमच्या मालवणी घरांत कुठलंही नवं काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. बाबांचा आवाज गिरणीच्या खडखडाटात ओरडून ओरडून तयार झालेला. "माझा चेडू अमेरिकेक जाता, तेका सुखरूप ने रे म्हाराजा!" अख्खी गॅलरी ओरडली, "व्हय म्हाराजा!" मग बाबांनी नारळ कपाळाला लावला. "आणि परत हाड रे म्हाराजा!" मला परत आण म्हणत होते. पुन्हा सगळे ओरडले. मी मात्र "व्हय" न म्हणता घड्याळ बघत होते. परळच्याच हॉस्पिटलात नर्स होते, इंग्रजीची परीक्षा पास होऊन निघाले होते, आणि खरं सांगते, मला त्या आरडाओरड्याची लाज वाटत होती.

त्याला बावीस वर्षं झाली. दोन वर्षांसाठी जाते म्हणाले होते.

आता सॅन होजेत घर आहे. नवरा अवी, दोन मुलं, तीन बेडरूम आणि मागे बॅकयार्ड. त्या बॅकयार्डात आईसाठी वेगळं छोटं घर बांधायचं ठरवलं, तर गेलं वर्ष कागदांतच गेलं. कुंपणापासून किती फूट सोडायचं, सांडपाण्याची लाइन कुठून न्यायची, खिडकी शेजाऱ्याकडे बघते का, सगळं सिटीला, म्हणजे इथल्या पालिकेला, नकाशावर दाखवायचं. दोनदा प्लॅन परत आला. आणि आमचा परळचा पोटमाळा? बाबांनी एका रविवारी सुताराला बोलावलं, दुपारपर्यंत फळ्या ठोकल्या आणि त्या रात्री माझे दोन चुलतभाऊ वर झोपलेसुद्धा.

मी आईसाठी सगळा विचार केला होता हो. तिचे गुडघे गेलेत म्हणून एकही पायरी नाही. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, म्हणून इथे पलंगापासून चार पावलांवर बाथरूम, भिंतीला धरायला दांडे. परमिट आलं त्या दिवशी हौसेने रांगोळीची पूड घेतली आणि गवतावर खोली आखली. इथे पलंग, इथे देव, इथे चहाची शेगडी. मध्ये उभी राहिले तर आमची अख्खी परळची खोली त्यात दोनदा मावली असती.

तिथेच मला रडू फुटलं.

कारण बाबा गेले तेव्हा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, आईने मला एकदाच विचारलं होतं. फोनवर, अगदी हळू. "मी येव काय गो तुझ्याकडे?" तेव्हा तिचे गुडघे धड होते, दोन मजले सहज चढायची. आणि मी काय म्हणाले? "आई, जरा थांब, जागा होऊ दे."

तीन बेडरूमच्या घरात मला आईसाठी जागा नव्हती! मुलांना वेगवेगळ्या खोल्या हव्या होत्या, अवीला घरून कामाला एक टेबल हवं होतं. मग आम्ही किचन नवं केलं. मग गॅरेज. आई थांबली. तिने पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेली मी. गावाहून कोणी मुंबईत नोकरी शोधायला आलं की आमच्याच दारात ट्रंक ठेवायचं. कधी कधी नऊ माणसं झोपायची आणि दहावा आला की बाबा अंथरुणातूनच म्हणायचे, "सरका गो जरा, मावतलो तो." सरकलो की तो मावायचाच. माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांना सांगते, आईने विचारलं की आधी सरका. खोली मागाहून बांधा.

गेल्या शनिवारी सकाळी, खोदकाम सुरू व्हायच्या आधी, मी नारळ घेऊन त्या आखणीत उभी राहिले आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिथे दिवेलागण झालेली. फोन शेजारच्या गावकर काकींनी धरला होता, मागे गॅलरीतली चारपाच माणसं. मी फिरून फिरून सगळं दाखवलं. आई बघत राहिली, मग म्हणाली, "बरा केलंस. पण माका आता जमाचा नाय, बाय. डॉक्टरान प्रवास नको सांगल्यान."

माझ्या हातातला नारळ बघून तीच म्हणाली, "मगे गाऱ्हाणा कोण घालतलो? थांब, मी घालतंय."

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. आईने पदर सावरला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा! माझ्या चेडवान माझ्यासाठी घर बांधूक घेतल्यान. तेका उशीर झालो म्हणान दोष लावू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरी ओरडली.

"मी नाय इलंय तरी ती खोली रिकामी ठेवू नको. कोण दारात इलो तर तेका जागा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे थांबले आणि फोनकडे बघायला लागले. काकी म्हणाल्या, "शुभा, तू पण म्हण गो!"

मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला आणि अवी ब्रश तोंडात धरूनच बाहेर आला. नारळ फोडला. सोमवारी खोदकाम सुरू झालं, खोली होईल, कोणीतरी राहीलही. पण बाबांनी त्या संध्याकाळी मला परत आण म्हणून मागितलं होतं, तेव्हाचं माझं "व्हय" द्यायचं राहिलंय. माझं घर अजून तिथे त्या गॅलरीत आहे, आणि ते "व्हय" मी आता कोणाला देऊ?