वरून झालं, आता खालून

"वरून झालं, आता खालून," असं म्हणून अण्णा तोच तक्ता पुन्हा सुरू करायचे. रकान्याची बेरीज वरून खाली आली तरी त्यांचा विश्वास बसत नसे. खालून वरही तीच यायला हवी. लग्नाच्या पंगतीत ते पानंसुद्धा दोन्ही टोकांकडून मोजत. असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेलच.

धारवाडच्या शेतीसंशोधनाच्या कचेरीत आम्हा दोघांच्या पदाचं सरकारी नाव होतं 'कॉम्प्युटर'. हसू नका, माझी नातही हसते. तेव्हाचा कॉम्प्युटर डबा घेऊन यायचा आणि पाचाला घरी जायचा.

अण्णांचं यंत्र लोखंडी, बाजूला दांडा. तेविसाने गुणायचं तर दांड्याचे तीन फेरे, मग वरचा गाडा एक घर सरकवून दोन फेरे. असं जन्मभर करून त्यांचा उजवा दंड डाव्याहून जाड झाला होता. ते सांगत, "फ्रान्सातल्या एका पोरानं बापाची आकडेमोड वाचावी म्हणून पहिलं दातेरी चाकांचं यंत्र केलं. चाकं त्याची, बाई. पण दांडा फिरवून खांदा कुणाचा दुखतो?"

मी नवी बी.एस्सी. दोन वेण्या सोडून एक शेपटा घालू लागले होते, अक्कल मात्र अजून दोन वेण्यांतच होती. कचेरीत हिरवे आकडे दाखवणारं विजेचं यंत्र आलं. त्याचं इंग्रजी पुस्तक वाचता येतं म्हणून साहेबांनी ते मला दिलं, तर मी मान अशी ताठ केली जणू मीच ते शोधून काढलंय!

कलघटगीच्या भाताच्या चाचणीचा तक्ता साहेबांनी दोघांनाही दिला. माझा वीस मिनिटांत झाला, अण्णांना दुपार लागली. उत्तरं जुळेनात.

"अण्णा, हात थकला तुमचा," साहेब म्हणाले.

"माझं खालूनही तेच आलंय, साहेब."

"अहो, पण हे विजेचं आहे."

मी पंख्याकडे बघत उभी राहिले. सोमवारी अण्णा आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांना तिकिटं चिकटवत बसले होते.

चार दिवसांनी मला दिसलं, एकोणसत्तरच्या जागी मी शहाण्णव दाबले होते. काही वाटलं नाही. तक्ता दुमडला, डबा उघडला, भाकरी खाल्ली. साहेबांची खोली दहा पावलांवर होती.

पुढे छापील अहवाल आला. आकडा अण्णांचा होता. माझा तक्ता छापायला गेला तो जावक टपालातून, त्यांच्याच हातून. छापखान्यातून परत आलेल्या त्या तक्त्यावर माझ्यासारखं अक्षर काढून त्यांनी आकडा दुरुस्त केला होता. मी त्यांच्या टेबलाजवळ जाऊन घुटमळले. त्यांनी मान वर केली नाही. "निधान, बाई, निधान," एवढंच म्हणाले. कानडीत निधान म्हणजे सावकाश. आणि पुढच्या पाकिटाला तिकीट लावलं.

त्याच टेबलावरून ते निवृत्त झाले. वर्षभरात गेले. तेराव्यानंतर मी हुबळीला, कमरीपेठेतल्या त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला म्हटलं, "काकू, भाताच्या तक्त्यात चूक माझी होती. अण्णांची नव्हती."

त्या मिरच्यांची देठं काढत होत्या.

"मला ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "साहेबांना सांगितलंस?"

साहेब अजून त्याच खुर्चीवर होते.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मिरच्यांचं सूप उचलून आत गेल्या. तहान नव्हती. तरी तांब्याभर पाणी मी बसून संपवलं.