पाणी ठीक आहे

इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या चर्चा सुरू झाल्या तेव्हा माझं त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी केमिस्ट. राहायला आखातात, शारजाच्या पुढे, उम्म अल कुवैनमध्ये, आणि नोकरी किनाऱ्यावरच्या एका प्लँटच्या लॅबमध्ये. समुद्राचं पाणी आत येतं, त्यातलं मीठ काढतात आणि तेच घरोघरच्या नळांना जातं. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी तपासणं हे माझं काम. इथे नदी नाही. आपला भात समुद्रावर शिजतो, असं मी नवा असताना बायकोला सांगितलं तेव्हा तिला हसू आलं होतं. आम्ही वसईचे. समुद्र आम्हाला मासळीपुरता ठाऊक.

घरात बातम्या लावायची ती बायको. ती एका हॉटेलच्या रिझर्व्हेशनमध्ये आहे. जगात कुठेही भांडण झालं की तिच्याकडे बुकिंग रद्द होतात. इराणने युरेनियम किती समृद्ध करावं, मुळात करावं की नाही, यावर फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या होत्या. दोन्ही बाजू समोरासमोर फारशा बसतच नव्हत्या म्हणे, मधला माणूस या खोलीतून त्या खोलीत निरोप नेत होता.

"जमेल का रे त्यांचं?" बायको विचारायची.

"जमेल, इन्शाल्ला."

आमची सतरा वर्षांची मुलगी मोबाइलवरची नजर न काढता म्हणायची, "दे वोन्ट, डॅडा. वन साइड वॉन्ट्स झिरो."

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक इराणी बाई राहायच्या. साठी उलटलेल्या, नवरा वारलेला, उभं आयुष्य इथेच गेलेलं. इथली मोडकी हिंदी आमच्याहून भराभर बोलायच्या. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. त्यांचा एकुलता मुलगा समुद्रापलीकडे इराणमध्ये, तिकडच्या अणुवीजकेंद्राजवळच्या गावात, शाळेत गणित शिकवायचा. आंटी चहा नळाच्या पाण्याचाच करायच्या. बाटलीच्या पाण्याला चव नसते असं त्यांचं ठाम मत होतं.

उन्हाळा तापायला लागला तेव्हा एका सकाळी सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. उद्यापासून समुद्राच्या पाण्याचा रोज एक कॅन जादा भरायचा, त्यात नायट्रिक ॲसिड घालून सील करायचा, फॉर्मवर वेळ आणि सही. दुपारी गाडी येऊन घेऊन जाईल.

"कसली टेस्ट?" मी विचारलं.

"रेडिओॲक्टिव्हिटी. खबरदारी म्हणून. रिपोर्ट आपल्याकडे येणार नाही, वर जाईल. आणि बाहेर बोलायचं नाही. खलास."

मी नाही बोललो. पण बोलणं माझ्याआधी घरी पोहोचलं होतं. रविवारी शारजाच्या चर्चमध्ये मिसा झाल्यावर आवारात कुणीतरी बायकोला सांगितलं की तिकडचं अणुवीजकेंद्र फुटलं तर हा सगळा समुद्र बाद होईल. परतताना तिने गाडी सुपरमार्केटकडे वळवायला लावली. त्या आठवड्यात आमचं न्हाणीघर पाण्याच्या बाटल्यांनी भरलं. भात बाटलीच्या पाण्यात, मुलीने दातही बाटलीच्याच पाण्याने घासायचे.

"अगं, हे वेड्यासारखं आहे," मी म्हणालो.

"मग तू सांग. तू तर रोज तेच पाणी बघतोस. ठीक आहे ना?"

आंटी तेव्हा आमच्याच टेबलाशी पुदिना निवडत बसल्या होत्या. त्यांनीही हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी मिठाचं सांगू शकलो असतो, क्लोरीनचं सांगू शकलो असतो. त्या कॅनमधल्या पाण्याचं मला काडीचंही ठाऊक नव्हतं.

"पाणी ठीक आहे," मी म्हणालो.

बायकोने दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्यात डाळ लावली. आंटींनी तर विषयच सोडला. मी मात्र ऑफिसमधून भरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायला लागलो होतो, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून घरच्या ग्लासात ओतून घ्यायचो. ते पाणीही याच समुद्राचं, हे मला कळत होतं.

पुढची फेरी एका रविवारी ठरली होती. त्याआधीच्या शुक्रवारी पहाटे इराणवर हल्ले सुरू झाले आणि फेरी रद्द झाली. इकडे शाळा, ऑफिस सगळं चालू होतं, आकाश नेहमीसारखं पांढुरकं. बायको दिवसभर हेडफोन लावून अडकलेल्या प्रवाशांशी बोलत बसलेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आंटी फोन हातात धरूनच आमच्याकडे आल्या. स्क्रीनवर त्यांचा मुलगा होता, चाळिशीचा, दाढी वाढलेला. त्याला माझ्याशी बोलायचं होतं. तो इंग्रजीत विचारत होता, अडखळत, पण नेमकं. केंद्र गावाजवळ आहे. उद्या तिथे काही पडलं तर हवेचं काय, पाण्याचं काय? दोन लहान मुलं आहेत. सासरे किनाऱ्यापासून दूर, देशाच्या आत, मोठ्या शहरात राहतात, तिकडे न्यावं का? "आई म्हणते तुम्ही हेच तपासता. तुम्ही तिला सांगितलं की पाणी ठीक आहे."

समोर गणिताचा मास्तर होता. त्याला 'ठीक आहे' म्हणून चालणार नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी नमुना भरतो फक्त. रिपोर्ट माझ्याकडे येत नाही. मी कधीच पाहिलेला नाही."

तो थँक यू म्हणाला. त्याने फोन बंद केला. आंटींनी हळूच विचारलं, "तो फिर हमको 'ठीक है' कैसे बोला तुम?"

त्या उठून गेल्या. बायको स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवरची आमटी सिंकमध्ये ओतून आली. चिडून नाही, अगदी शांतपणे. "तुला नोकरीची अडचण होती, समजू शकते," ती म्हणाली. "बोलता येत नाही, एवढं म्हणायचं होतंस. मी गप्प बसले असते."

दुसऱ्या दिवशी आंटींना निरोप आला की मुलगा बायकोपोरांना घेऊन सासऱ्यांकडे निघाला आहे. पुढे तिकडचं इंटरनेटच बंद पडलं. आणि त्याच दिवसांत टीव्हीवर त्या मोठ्या शहराचं नाव यायला लागलं. किनाऱ्यावरचं केंद्र शाबूत होतं. बॉम्ब देशाच्या आतल्या शहरांवर पडत होते. मी रोज कॅन भरत होतो, सही करत होतो, आणि घरी येताना आंटींच्या दारावरून पावलं न वाजवता जात होतो. बायको त्यांना जेवण नेऊन द्यायची. मला कुणी बोलावलं नाही.

इंटरनेट बंद पडल्यानंतर चौथ्या दिवशी मी आंटींची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, पण मला आत घेतलं नाही.

"मेरी वजह से उधर गया वो," मी म्हणालो.

"तुम सच बोला इसलिए गया," त्या म्हणाल्या. "पहले सच बोलता तो मैं भी उसको कुछ और बोलती. अब क्या मालूम." त्यांनी दार लोटलं.

युद्ध थांबल्यावर फोन लागला. सगळे जिवंत होते. शेजारची इमारत पडली होती. धाकटी नात त्यानंतर बोलेनाशी झाली, इतकंच आम्हाला कळलं. विमानं सुरू झाल्यावर आंटींनी जायचं ठरवलं. विमानतळावर आम्ही तिघांनी त्यांना सोडलं. वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना बायकोला मिठी मारली, मुलीच्या केसांवरून हात फिरवला, मला मान हलवून निरोप दिला.

त्यानंतर महिनाभराने सुपरवायझरने सहज सांगितलं की सगळे रिपोर्ट पहिल्यापासून नॉर्मल होते. जादा कॅन बंद. मी घरी सांगितलं.

"तू कागद पाहिलास?" बायकोने विचारलं.

"नाही. त्याने तोंडी सांगितलं."

"बरं," ती म्हणाली आणि तांदूळ धुवायला घेतले. नळाखाली की बाटलीने, ते मी वळून पाहिलं नाही.

हल्ली पुन्हा बोलणी सुरू होण्याच्या बातम्या येतात. कधी होणार म्हणतात, कधी मोडली म्हणतात. मुलगी आता कॉलेजचे फॉर्म भरते आहे, मुंबईचे आणि इथलेही. परवा तिने विचारलं, "डॅडा, शुड आय स्टे हिअर?" ओठावर आलेलं 'इथे सगळं ठीक आहे' मी मागे घेतलं. ती वाट पाहत उभी राहिली.