आयुषी बाजूला बसत नाही

चाळीसगावात कापडाच्या दुकानामागच्या घरात राहणाऱ्या राजकुंवरबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांच्या घरी पाळी आली की बाईने चार दिवस बाजूला बसायचं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते न विचारताच कळायचं. आणि सून आयुषी तीन महिने बाजूला बसली नव्हती.

त्यात ऐन जानेवारीत ती पंखा लावून बसू लागली. मधूनच तिला दरदरून घाम फुटे. आणखी काय पुरावा हवा? भांडी घासायला येणाऱ्या मंदाबाईने विचारलंच, "अक्का, सूनबाईले दिन गयात का?" बाई नुसत्या हसल्या. पण जैन स्थानकात प्रवचन संपल्यावर जीभ काही आवरली नाही. त्यांनी एकीच्याच कानात सांगितलं, म्हणजे गावात दवंडीच पिटली. देवपूरला दिलेली लेक मुस्कान तर हौसेने वहिनीसाठी साडी घेऊन आली.

साडी मांडीवर ठेवताच आयुषीला रडू कोसळलं.

"मम्मीजी, दिवस नाही गेलेले. मी इंजेक्शनं घेतेय, त्यानं पाळी थांबलीय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाळीच्या दुखण्याने ती लग्नाआधीपासून बेजार होती. गर्भाशयाच्या आत असायचं ते अस्तर बाहेरही वाढत होतं. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाने काही महिने पाळीच बंद ठेवली होती, घामही त्याचाच. इंजेक्शनं थांबली की पाळी परत येणार होती. नवरा रोनक माल आणायच्या निमित्ताने तिला घेऊन जायचा. घरात सांगितलं असतं तर सुनेत खोट आहे म्हणून बोभाटा झाला असता, ही दोघांना भीती.

राजकुंवरबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता स्थानकात तोंड कसं दाखवायचं? पोटातलं राहिलं नाही, एवढं म्हटलं की सुटका होती. ते वाक्य ओठांवर आलंही. पण तशाने पोरीच्या माथी न झालेलं दुःख मारल्यासारखं झालं असतं, आणि ते त्यांच्याने होईना. बाई बोलघेवड्या होत्या, दुष्ट नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मुस्कानला घेऊन त्या स्थानकात गेल्या आणि प्रवचनानंतर बायकांत उभ्या राहिल्या.

"चूक माझी झाली. सुनेला दिवस गेलेले नाहीत. तिला पाळीत फार दुखायचं, त्याचा इलाज चालू आहे. तिला कुणी काही विचारू नका, विचारायचं ते मला विचारा."

बाई चपला घालत होत्या तर एक मागून आली, डॉक्टरीणबाईंचं नाव विचारून गेली. मग दुसरी आली, म्हणे जावेसाठी हवंय. बाईंना आश्चर्य वाटलं, आणि खोटं कशाला बोला, जरा ऐटही आली. इतक्या जणींना दुखत होतं आणि कुणी ब्र काढला नव्हता!

परतताना रिक्षात मुस्कानने तेच नाव विचारलं.

"तुला गं कशाला?"

"मलाही तसंच दुखतं, मम्मी. शाळेत असल्यापासून. तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं."

राजकुंवरबाईंना ते बोलल्याचं आठवतही नव्हतं.