सागाच्या गावात कुड्याची नाव

कुणाच्याही घरी गेलं की आमचे मामाजी आधी स्वयंपाकघराकडे बघत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला चहाची घाई झाली. पण त्यांची नजर असे लाटण्यावर. लाटणं, रवी, लाकडी फणी, मोडक्या पाळण्याचा दांडा, काहीही चाले. ते हातात घेत, नखाने खरवडत, नाकाशी नेत आणि घरच्या बाईला विचारत, "हे मोडलं तं मले द्याल का जी?" धडधाकट लाटण्याबद्दल असं विचारणारा पाहुणा त्या बिचाऱ्यांनी कुठे पाहिलेला! एकीने तर मला बाजारात गाठून हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आलापल्लीच्या लाकूड डेपोत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर कुणी भजनाला लागतं, कुणी राजकारणाला. मामाजी नावेला लागले. प्राणहितेवर पूल झाला नव्हता तेव्हा एक मोठी लाकडी नाव माणसं, शेळ्या, सायकली घेऊन या काठावरून त्या काठावर जायची. वर सपाट फळ्या ठोकलेल्या. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या पलीकडच्या तेलुगू मुलखातल्या. नवरी होऊन त्या याच नावेतून इकडे आल्या. तीच नाव मामाजींना दीड वितीची करायची होती, आणि ती पाहून आत्याबाईंनी "हो, हीच" म्हणायला हवं होतं. बाकी जगाने काहीही म्हटलं तरी त्यांना चालणार होतं.

पण आत्याबाई हो म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. चाळीसेक वर्षं आमच्या बोलीत संसार केला, तरी नकार मात्र त्या तेलुगूतच देत. "कादु," म्हणजे हे नव्हे. भाजी घेताना कादु, साडी घेताना कादु, माझ्या पहिल्या पुरणपोळीलाही कादु. हो म्हणायचं तर "अवुनु", पण तो शब्द मी त्यांच्या तोंडून फारच क्वचित ऐकला.

नावेची खालची बाजू सहज जमली. भांडण झालं ते वरच्या फळ्यांवरून. मामाजी त्यांना ऐटीत डेक म्हणत. हा शब्द त्यांनी मोबाइलवरच्या, छोट्या नावा बनवायच्या व्हिडिओतून उचलला होता. मूळ नाव सागाची, गाव सागाचं, मामाजींचा जन्म सागात गेलेला, म्हणून त्यांनी पहिल्यांदा सागाच्याच बारीक पट्ट्या बसवल्या. आत्याबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "कादु. ह्या रेघा हाये का नाल्या?"

खरंच, सागाच्या ठसठशीत रेघा त्या एवढ्याशा नावेवर नाल्यांसारख्या दिसत होत्या. मामाजींनी दोन दिवस नाव उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी सगळ्या पट्ट्या उचकटून काढल्या आणि पुढे ज्याला त्याला ऐकवायचं ते वाक्य पहिल्यांदा म्हणाले, "नाव लहान करता येते, सूनबाई. सागाची रेघ लहान करता येत नाई." ही बातमी चौकात गेली. जुने डेपोवाले मित्र घरी येऊन भांडले. "भाऊ, आलापल्लीत राहून तुमाले साग नाई चालत? काऊन आपली इज्जत घालवून राह्यले?" मामाजींनी त्यांना चहा पाजला आणि जाताना त्यांच्या घरच्या लाटण्यांची चौकशी केली.

लाटणीच का? तर जंगल हाकेच्या अंतरावर असूनही मामाजी तिथली काडी आणत नसत. "आयुष्यभर लोकायच्या लाकडावर नजर ठेवली. आता मीच कुऱ्हाड घेऊन जाऊ का?" व्हिडिओतले गोरे लोक म्हणे नाशपातीचं लाकूड वापरतात. "आपल्या इथी नाशपाती खायले भेटत नाई," मामाजी म्हणत, "आन् हे तिच्यावर रंधा मारून राह्यले!" मग उरलं ते लोकांच्या घरातलं मोडकंतोडकं. त्यातून शिवणीच्या लाकडाचा डेक झाला. कादु, फार गोरा. एका म्हातारीच्या हळदूच्या फणीतून, दुसऱ्या कुणाच्या हळदूच्या डबीतून पिवळाधमक डेक झाला. त्यावर आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "नवरीले हळद लावते, नावेले नाई!"

"मंग होता तरी कसा रंग?" मामाजी वैतागून विचारत.

"पाह्यला का म्या? मान खाली होती माही. पायाले आठवते."

नवरीची मान खाली, म्हणजे फळ्यांखेरीज दुसरं काही तिला दिसणारच नव्हतं, हे मामाजींनी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. त्या नावेची एक शिस्त मात्र त्या नेहमी सांगत. नावाडी कुणालाही चपला घालून फळ्यांवर चढू देत नसे, मग तो सरकारी साहेब असो की नवरदेव. चपला हातात घ्यायच्या, नावेला हात लावून कपाळाला लावायचा, आणि नाव मध्यावर आली की गप्प बसायचं.

मग एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. आत्याबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांनी एकाएकी माझं लाटणं हातातून घेतलं, उजेडात फिरवलं आणि म्हणाल्या, "असा होता." दारात मामाजी उभे. त्यांनी ऐकलं, लाटण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले.

ते लाटणं माझ्या आईने पोंभुर्ण्याहून दिलेलं. काळ्या कुड्याच्या लाकडाचं, नितळ, रेघ शोधून सापडणार नाही असं. वर्षानुवर्षं पीठ आणि पाणी पिऊन राखाडी पडलेलं. गावभर लाटणी मागत फिरणारा माणूस सुनेच्या माहेरच्या लाटण्याबद्दल मात्र अवाक्षर बोलेना. पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात येईना, अंगणातल्या रांजणावर जाई. मागितलं असतं तर मी भांडले असते. न मागण्याचं काय करावं? शेवटी आईला फोन केला. ती खो खो हसली. "अवं, तुह्या आजीनं त्याच्यानं कुत्रे हाकलले. दे त्याले!"

दिलं. मामाजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं. आणि चिरलं तर आतून पांढरंशुभ्र! राखाडी रंग नुसता वरवरचा होता. माझं लाटणंही गेलं आणि रंगही गेला. मी कपाळाला हात लावला. मामाजी मात्र खुशीत. "रेघ तं बारीक हाये ना? मंग रंगाची फिकीर नाई. त्या नावेले कोणं रंग मारला होता? पाणी आन् ऊन!" त्या उन्हाळ्यात रोज सकाळी परातीत पट्ट्या भिजत आणि दुपारी गच्चीवर माझ्या सांडग्यांशेजारी वाळत. मामाजी डोक्याला पंचा बांधून कावळे हाकलत. माझे सांडगे इतके सुरक्षित कधीच नव्हते. बदल्यात त्यांनी मला नवं लाटणं आणून दिलं, सागाचं. "पोळीले रेघ चालते," म्हणाले.

पाऊस लागायच्या बेतात होता तेव्हा पट्ट्या राखाडी झाल्या आणि डेक बसला. मामाजींनी नाव शोकेसवर ठेवली आणि आत्याबाईंना हाक मारली. घरातही चपला घालण्याची त्यांना सवय, गुडघ्यांमुळे. त्या चपला फटफटवत आल्या. पाहिलं. आम्ही दोघं "कादु"ची वाट पाहत उभे. आत्याबाईंनी एक चप्पल काढली. मग भिंतीला धरून दुसरी. बोटं नावेच्या फळ्यांवर टेकवली, कपाळाला लावली आणि तशाच उभ्या राहिल्या.

मामाजींना धीर धरवेना. "बोल ना वो. अवुनु का कादु?"

"गप बसा," आत्याबाई म्हणाल्या. "नाव मधात हाये."

मामाजींनी हाच होकार धरला आणि चौकात जाऊन सगळ्यांना सांगून आले. साग नाकारल्याबद्दल रागावलेल्या मित्रांनी त्या दिवशी त्यांना चहा पाजला.

पुढच्या हिवाळ्यात मामाजी गेले. झोपेतच गेले, कुणाला काही करायला न लावता. मला त्यांची आठवण पोळ्या लाटताना येते, कारण त्या सागाच्या लाटण्यावर पोळी काही केल्या गोल होत नाही. मी दुसरं आणलेलं नाही.

परवा ताटं वाढून मी आत्याबाईंना शोधत बैठकीत आले. शोकेससमोर चपला काढून ठेवलेल्या, त्यांचा हात नावेवर.

"आत्याबाई, जेवायले चला. पोळी थंड होऊन राह्यली."

त्यांनी मागे पाहिलं नाही. "थांब ना बाई जराशी," म्हणाल्या. "लागू दे काठाले."

मी परत गेले, ताटं झाकली आणि थांबले.