दोन नमुन्यांच्या मधलं धुणं

हात एकदा सवयीला लागला की प्रमोदिनीताईंचं मन भलतीकडे जायचं. घात झाला तो तिथेच.

हिंदी मुलखातल्या भनपुरीच्या एका खासगी प्रयोगशाळेत त्या तांदळाचे नमुने दळत. ते पीठ मग मोठ्या यंत्रावर जाई आणि तांदळात फवारणीचं औषध किती उरलंय ते कळे. पुरानी बस्तीतून स्कूटीवर येणाऱ्या, डब्यात चार घास जास्तीचे आणणाऱ्या आणि कोणाला तिखट सोसत नाही हे न विचारता लक्षात ठेवणाऱ्या या बाईंना सगळे दीदी म्हणत. प्रयोगशाळेचा प्रमुख शेखर तेवढा अकोल्याकडचा; तो ताई म्हणे.

एक नमुना झाला की दळणयंत्राचं भांडं धुऊन, कोरडं करून मगच दुसरा घ्यायचा, असा नियम होता. पण हंगामात ढीग लागला की काम ब्रशवर भागे. माल बहुतेक औषधाची मर्यादा सैल असलेल्या देशांना जाई. भांड्याला चिकटलेल्या चिमूटभर पिठानं तिथे काही बिघडत नसे. हिरालाल शेठचा तांदूळ मात्र युरोपात जायचा होता आणि तिथली मर्यादा फार कडक. त्यांच्या नमुन्यात औषध मर्यादेपेक्षा किंचित जास्त निघालं. निकाल ऐकताच शेठ येऊन शेखरसमोर बसले. भरलेला ट्रक नाक्यावर उभा होता, बंदरात जहाज थांबणार नव्हतं.

"वही खेत, वही चावल," शेठ म्हणाले. त्यांना मराठी सगळी समजे, पण बोलत हिंदीच. "पिछले महीने दुबई वालों ने ले लिया. यूरोप वालों का पेट अलग है क्या?"

"पेट एकच हाय शेठ, कायदे वेगळे हायेत. सगळ्या देशांनी एका आकड्यावर यावं म्हणून बैठका चालून राहिल्या."

"तब तक मेरा चावल पुराना होके और अच्छा पकेगा." शेठ हसले नाहीत. "भैया, गलती तुम्हारे यहाँ नहीं हो सकती?"

शेखर दाराशी उभ्या असलेल्या ताईंकडे वळला. "ताई, भांडं धुतलं होतं नं?"

विचारलं तेही असं की फक्त हो म्हणायचं बाकी होतं. धुतलं नव्हतं; सवयीच्या हातानं नेहमीसारखंच उरकलं होतं. त्याआधीचा नमुना तर औषधानं भरलेला निघाला होता. नमुना बिघडवणारा घरी बसेल, असं प्रयोगशाळेच्या मालकांनी नुकतंच बजावलं होतं. हो म्हटलं तर नोकरी वाचत होती, पण शेठचा चांगला माल कदाचित फुकट परत जात होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "ब्रश मारला फक्त. आधीचं पीठ यात आलं असेल."

शेठ दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. शेखरचे कान लाल झाले. दळणखोलीत शिरल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्यांच्यासमोर काहून सांगितलं, ताई?"

"तुम्ही त्यांच्यासमोरच विचारलं."

फेरतपासणीसाठी राखून ठेवलेल्या अर्ध्या नमुन्याचं सील त्यानं तोडलं. "आता तुम्हीच दळा. माझ्यासमोर." ताईंनी भांडं घासलं, पुसलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि पुन्हा घासलं. काचेपलीकडे शेठ फोनवर ड्रायव्हरला सांगत होते, "अभी रुक. हिलना मत."

संध्याकाळी शेखर कागद घेऊन बाहेर आला. आकडा थोडा उतरला होता, पण मर्यादेच्या वरच होता.

"म्हणजे उगाच सांगितलं तुम्ही," तो ताईंना म्हणाला.

"उगाच कैसे?" शेठ उठले. "वो पहले वाला मैं मानता ही नहीं. दूसरी लैब में भागता. गलती खुद बताई, तो ये मान लिया." त्यांनी ड्रायव्हरला ट्रक गोदामाकडे वळवायला सांगितलं आणि ताईंकडे न पाहता निघून गेले.

शेखरनं मालकांना सगळं सांगितलं. नोकरी राहिली, परदेशी जाणाऱ्या मालाचे नमुने मात्र ताईंकडून काढून घेतले. सकाळी त्यांच्यापुढे फक्त इथल्या बाजाराचा ढीग होता. पहिला नमुना झाल्यावर त्या भांडं घेऊन नळाकडे निघाल्या.

"ताई, हा इथलाच माल हाय. ब्रशनं भागते."

"इथलाच हाय, म्हणजे आपल्याच ताटात येते नं?" त्यांनी नळ सोडला.

शेखरनं ढिगाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. त्या दिवशी सगळ्यांनाच घरी जायला उशीर झाला.